नवा स्ट्रायकर कुठून आणावा? परदेशी बाजारांचा तुलनात्मक आढावा

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, उघडायच्या आधीच नावं यायला लागतात. एक आम्सटरडॅमचं, एक लिस्बनचं, एक कुठल्यातरी जर्मन क्लबचं, आणि एक साओ पाउलोमधलं सतरा वर्षांचं पोर, ज्याचे सहा मिनिटांचे हायलाइट्स पाहून आपण त्याला पुढच्या मोसमात डाव्या बाजूला उभंही करून टाकतो. शेवटी करार यातल्या एकाशी होणार, कदाचित एकाशीही नाही. पण कोणत्या बातमीने खूश व्हायचं आणि कोणत्या बातमीने धास्तावायचं, एवढं तरी चाहत्याच्या हातात असतं.

समजा, आपला क्लब प्रीमियर लीगमधला आहे आणि गोल करणारा माणूस हवा आहे. बहुतेक जण आधी गोलांचा आकडा पाहतात. मी तो शेवटी पाहतो. आधी विकणारा कोण, त्याला विकायची किती निकड आहे आणि किंमत कुठे जाऊन थांबणार, हे बघायचं. कारण चुका करायला किती महिने मिळतील हे त्या किमतीवरच ठरतं. दोन कोटी पौंडांचा खेळाडू पहिल्या मोसमात चाचपडला तर लोक म्हणतात, रुळेल हळूहळू. आठ कोटींचा चाचपडला तर नोव्हेंबरातच त्याच्या प्रत्येक चुकलेल्या पासवर स्टेडियमभर सुस्कारे ऐकू येतात.

नेदरलँड्स: आकडे झगमगीत, भरवसा कमी

डच लीगमधल्या गोलांना किती वजन द्यायचं, हा वाद जुना आहे. मातेया केझमानने पीएसव्हीसाठी १२२ लीग सामन्यांत १०५ गोल केले, २००४ मध्ये तो चेल्सीत आला आणि लीगमध्ये चार गोल करून वर्षभरात निघून गेला. आफोन्सो आल्व्हेसने हेरेनव्हेनसाठी २००६-०७ मध्ये ३१ सामन्यांत ३४ गोल केले, पुढच्या मोसमात तर एकाच सामन्यात सात. जानेवारी २००८ मध्ये मिडल्सब्रोने त्याच्यासाठी क्लबचा विक्रम मोडला आणि २००९ मध्ये मिडल्सब्रो खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. उलट रूड व्हान निस्टलरॉय २००१ मध्ये त्याच पीएसव्हीतून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि २१९ सामन्यांत १५० गोल करून गेला. लुइस सुआरेझचे आयाक्ससाठी २००९-१० मध्ये ३५ लीग गोल होते; जानेवारी २०११ मध्ये तो लिव्हरपूलला आला आणि २०१३-१४ मध्ये ३३ लीग सामन्यांत त्याने ३१ गोल केले, त्यातला एकही पेनल्टीवरचा नाही.

चौघांचेही डच आकडे डोळे दिपवणारे. म्हणजे नुसत्या आकड्यावरून काहीच कळलं नाही. तिथे आयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनूर्ड बहुतेक सामन्यांत चेंडू स्वतःकडे ठेवूनच खेळतात, आणि समोरचा संघही बऱ्याचदा मागे दडून बसण्याऐवजी खेळायला पुढे येतो. बचावफळीमागे मोकळी जागा मिळते. इंग्लंडमध्ये ती जागा नसते. म्हणून डच नाव चर्चेत आलं की मी एकच गोष्ट शोधतो: पाठीला बचावपटू चिकटलेला असताना हा काय करतो? सुआरेझ अशा वेळी चेंडू घेऊन वळायचा, धडकायचा, दोन पायांमधून काढायचा. केझमानला पळायला जागा लागायची.

आता किमतीकडे. सुआरेझला लिव्हरपूलने २.२७ कोटी पौंड दिले. २०२२ मध्ये युनायटेडने आयाक्सच्या आंतोनीसाठी ९.५ कोटी युरो मोजले, वर ५० लाख बोनसचे. तो स्ट्रायकर नव्हता, विंगर होता, आणि आदल्या मोसमात त्याचे लीगमध्ये आठ गोल होते. मग एवढी किंमत कुठून आली? आयाक्सने त्याच उन्हाळ्यात आलेर, ग्राव्हेनबर्ख आणि लिसांद्रो मार्टिनेझ यांना विकून झालं होतं. तिजोरी भरलेली, ऑगस्ट संपत आलेला, आणि युनायटेडचा नवा प्रशिक्षक टेन हाग आयाक्सचाच जुना प्रशिक्षक. त्याला हाच माणूस हवा होता. विकायची गरज नसलेला क्लब आणि घेतल्याशिवाय राहवत नसलेला क्लब समोरासमोर आले की असंच होतं. आंतोनीने पहिल्या तिन्ही लीग सामन्यांत गोल केले, पण युनायटेडसाठी त्याचे एकूण लीग गोल पाचच राहिले. मग २०२५ च्या जानेवारीत तो लोनवर, म्हणजे ठराविक काळासाठी उसना, स्पेनमधल्या सेव्हिलच्या बेटिसला गेला आणि तिथे छान खेळला; बेटिस कॉन्फरन्स लीगच्या फायनलपर्यंत पोहोचला. सेव्हिलमध्ये त्याच्या डोक्यावर साडेनऊ कोटींचा बोजा नव्हता.

पोर्तुगाल: माल पारखलेला, पण दुकानदार बिलंदर

इथे थोडं थांबू, कारण आजकालच्या निम्म्या चर्चा लिस्बन आणि पोर्तोपाशीच येऊन पोहोचतात. बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग यांचा खर्च खेळाडू विकण्यावरच चालतो, हे उघड आहे. दक्षिण अमेरिकेतून किंवा इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून घ्यायचा, युरोपियन स्पर्धांच्या रात्री खेळवायचा, मग विकायचा. एन्झो फर्नांडेझ २०२२ च्या उन्हाळ्यात रिव्हर प्लेटकडून साधारण एक कोटी युरो अधिक बोनस एवढ्यात बेनफिकाला आला. डिसेंबरात तो अर्जेंटिनाबरोबर विश्वविजेता झाला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला. ३१ जानेवारी २०२३ ला चेल्सीने त्याच्यासाठी १२.१ कोटी युरो दिले. सहा महिन्यांत दहापटीहून जास्त! रिव्हरने २५ टक्के हक्क राखून ठेवले होते, म्हणून त्यांनाही वाटा मिळाला. पण खरा फायदा लिस्बनने उचलला.

म्हणजे पोर्तुगालमधून घेताना आपण खेळाडूबरोबर त्याला रुळवण्याची मजुरीही भरतो. ती वाया जाते असं नाही. ब्रुनो फर्नांडेस जानेवारी २०२० मध्ये ५.५ कोटी युरो अधिक बोनसवर युनायटेडला आला आणि उरलेल्या १४ लीग सामन्यांत त्याने आठ गोल केले. लुइस डियाझ जानेवारी २०२२ मध्ये पोर्तोतून लिव्हरपूलला आला आणि त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. दोघेही मधल्या विंडोत आले, प्री-सीझनशिवाय, आणि आल्या आल्या चालले. पोर्तुगालच्या बाजूने माझ्याकडचा सगळ्यांत मोठा मुद्दा हाच. जानेवारीत घाईने कोणी हवा असेल तर मी आधी तिकडेच बघेन.

पण गोलांबद्दल सावध राहा. दार्विन नुन्येझने २०२१-२२ मध्ये बेनफिकासाठी २८ लीग सामन्यांत २६ गोल केले, शिवाय चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलच्या दोन्ही सामन्यांत लिव्हरपूललाच गोल मारले. लिव्हरपूलने ७.५ कोटी युरो दिले, बोनस धरून दहा कोटींपर्यंतची तयारी ठेवली. पहिल्या मोसमात लीगमध्ये नऊ गोल. तो वाईट खेळला असं कोणी म्हणणार नाही. धावला, जागा काढल्या, संधी तयार केल्या. पण त्या किमतीच्या माणसाने हुकवलेली संधी जगभर फिरते.

पोर्तुगीज रिलीज क्लॉज, म्हणजे एवढे पैसे भरले की खेळाडू सोडावा लागतो असा करारातला आकडा, वाचतानाही भान ठेवावं. तो आकडा पुष्कळदा घासाघीस सुरू करायची जागा असतो. व्हिक्टर ग्योकेरेसचा क्लॉज दहा कोटी युरोंचा होता, २०२४-२५ मध्ये त्याने लीगमध्ये ३९ गोल केले होते, तरी २०२५ मध्ये आर्सेनलने त्याला साडेसहा कोटींच्या आसपास, वर बोनस, अशा भावात नेलं. खेळाडूनेच जायचा हट्ट धरला की क्लॉज खाली येतो. एन्झोच्या वेळी बेनफिका हटला नाही, कारण मोसम मध्यावर होता आणि हातात दुसरा कोणी नव्हता.

दोन्ही शेजारी ठेवले तर माझा हिशोब असा: डच खेळाडू स्वस्तात मिळत असेल तरच, आणि पोर्तुगालमधला तयार असेल तरच. महागडा डच विंगर किंवा लिस्बनमधला ‘पुढे चांगला होईल’ असा पोरगा, दोन्ही बातम्यांना माझा विरोध.

जर्मनी

जर्मनीत भाव बऱ्याचदा करारातच लिहिलेला असतो, आणि तो खरा असतो. एर्लिंग हालांड जानेवारी २०२० मध्ये साल्झबुर्गमधून डॉर्टमुंडला आला तेव्हाच त्याच्या करारात बाहेर पडायची किंमत ठरली होती. २०२२ मध्ये मँचेस्टर सिटीने ती सहा कोटी युरोंच्या घरातली रक्कम भरली आणि पहिल्याच मोसमात त्याने ३६ लीग गोल करून प्रीमियर लीगचा विक्रम केला. पगार आणि एजंटचा वाटा वेगळा, तो लहान नव्हता. पण क्लबला दिलेली रक्कम आज पाहिली तर लूटच वाटते. त्याच डॉर्टमुंडने जेडन सॅंचोला क्लॉज दिला नव्हता. एक उन्हाळा त्यांनी युनायटेडला झुलवलं आणि २०२१ मध्ये ८.५ कोटी युरोंना विकलं. २०२४ मध्ये सॅंचो लोनवर परत डॉर्टमुंडकडूनच चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला.

बुंडेसलीगाची अडचण तिथल्या खेळाच्या लयीत आहे. संघ वर येऊन प्रेस करतात, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर धावून जातात, चेंडू दोन्ही बाजूंना भराभर हस्तांतरित होतो, आणि वेगवान फॉरवर्डला अर्धं मैदान मोकळं मिळतं. टिमो व्हेर्नरने २०१९-२० मध्ये लाइपझिगसाठी २८ लीग गोल केले ते असेच पळून. चेल्सीत समोर दहा जण पेनल्टी बॉक्समध्ये उभे राहिले तेव्हा पहिल्या मोसमात लीगमध्ये सहाच झाले. (चॅम्पियन्स लीगचं पदक मात्र मिळालं, हे त्याच्या टीकाकारांना आठवत नाही.) दोन वर्षांत तो लाइपझिगला परत. हालांड पळतोही, पण सहा यार्डांच्या आत, दोन बचावपटूंच्या फटीत त्याचं डोकं आधी पोहोचतं. जर्मन नावाची क्लिप पाहताना गोल कुठून झाले ते मोजा. हाफलाइनवरून सुरू झालेली धाव किती, आणि गर्दीतला एक स्पर्श किती?

सवडीचं उत्तम उदाहरणही इथलंच. सोन ह्युंग-मिन २०१५ मध्ये लेव्हरकुसेनमधून २.२ कोटी पौंडांत टॉटेनहॅमला आला. पहिल्या मोसमात लीगमध्ये चार गोल. पुढच्या उन्हाळ्यात त्याला जर्मनीला परत जायचं होतं, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं. क्लबने थांबवलं. २०२१-२२ मध्ये २३ गोल करून तो सलाहच्या बरोबरीने गोल्डन बूटचा मानकरी ठरला. सात कोटींचा असता तर त्या पहिल्या उन्हाळ्यात त्याला कोणी थांबवलं असतं का, शंकाच आहे.

फ्रान्स

इथला मुद्दा थोडक्यात सांगता येतो: विकणारा अडचणीत असतो. मीडियाप्रो या कंपनीचा टीव्ही करार २०२० मध्ये कोसळल्यापासून तिथल्या क्लबांच्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचं काही खरं राहिलेलं नाही, आणि मोसम संपण्याआधी हिशोब जुळवायला खेळाडू विकले जातात. शिवाय लीग अंगाने तगडी. तिथे टिकलेला मुलगा इंग्लंडमधल्या धक्काबुक्कीला घाबरत नाही. एन्गोलो कांते २०१५ मध्ये कॉंमधून ५६ लाख पौंडांत लेस्टरला आला आणि वर्षभरात विजेता झाला. रियाद महरेझ तर ल हाव्हरमधून, म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून, पाच लाखांच्याही आत आला होता.

आणि निकोला पेपे? २०१९ मध्ये आर्सेनलने लीलला ७.२ कोटी पौंड कबूल केले. आदल्या मोसमातल्या त्याच्या २२ लीग गोलांपैकी नऊ पेनल्टीवरचे होते. ते वजा केले की १३ उरतात. चांगला विंगर, पण क्लबचा विक्रम मोडावा असा नाही. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलने सेंट-एतियेनमधून विल्यम सालिबाला २.७ कोटी पौंडांत घेतलं, तीन मोसम फ्रान्समध्येच लोनवर खेळवलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पहिल्यांदा लीगमध्ये उतरवलं. तो बचावपटू आहे, आपल्या शोधात बसत नाही, पण एकाच क्लबच्या एकाच उन्हाळ्यातले हे दोन व्यवहार शेजारी ठेवले की फ्रान्समधून कसं घ्यावं ते कळतं.

थेट दक्षिण अमेरिका

पोर्तुगालसारखा मधला दलाल वगळून थेट अर्जेंटिनाच्या रिव्हरकडे किंवा ब्राझीलच्या पाल्मेइरासकडे जावं, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. नियम मात्र आडवे येतात. फिफाच्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला साधारणपणे १८ वर्षं पूर्ण लागतात. म्हणूनच पाल्मेइरासच्या एन्ड्रिकचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि तो रेआल माद्रिदला २०२४ च्या उन्हाळ्यात गेला. इंग्लिश क्लबांना ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, परदेशी खेळाडूसाठी वर्क परमिटचे १५ गुण जमवावे लागतात. राष्ट्रीय संघातले सामने, लीगचा दर्जा, मैदानावर घालवलेली मिनिटं, क्लबच्या युरोपियन किंवा खंडीय स्पर्धा या सगळ्याचे गुण. जर्मनी, स्पेन, इटली, फ्रान्समधल्या नियमित खेळाडूला ते सहज मिळतात. २०२३ पासून गुण न भरणाऱ्या मोजक्या खेळाडूंसाठी वेगळ्या जागा आहेत, पण त्या कमाल चार, आणि इंग्लिश खेळाडूंना तुम्ही किती खेळवता यावर अवलंबून. एखाद्या अठरा वर्षांच्या ब्राझिलियनची बातमी आली की पहिला प्रश्न हा विचारा: ती जागा आपल्याकडे रिकामी आहे का?

जमलं तर काय मिळतं? सिटीने जानेवारी २०२२ मध्ये हुलियान आल्व्हारेझला १.४ कोटी पौंडांत घेतलं आणि उन्हाळ्यापर्यंत रिव्हरलाच ठेवलं. तिथे त्याने मे महिन्यात लिबेर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या क्लब स्पर्धेच्या, एका सामन्यात सहा गोल मारले. दोन मोसमांनंतर आत्लेतिको माद्रिदने त्याच्यासाठी साडेसात कोटी युरो अधिक बोनस दिले. नाही जमलं तर गाब्रियेल बार्बोसा: २०१६ मध्ये सान्तोसमधून इंटरला, लीगमध्ये एक गोल, परत ब्राझील, आणि तिथे २०१९ च्या लिबेर्तादोरेस फायनलमध्ये शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून फ्लामेंगोचा देव. व्हितोर रोकीचंही बार्सिलोनात तसंच झालं: जानेवारीत आला, मोसमाच्या मध्यात, मिनिटं मिळाली नाहीत, वर्षाच्या आत लोनवर. आल्व्हारेझला हालांडच्या मागे दुसरा फॉरवर्ड म्हणून शिकायला मिळालं, त्याच्यावर कोणाचाही मोसम अवलंबून नव्हता. ज्या क्लबला पहिल्या शनिवारीच गोल हवेत त्याने या वाटेला जाऊ नये.

तिशीच्या आसपासचं, फुकट किंवा लोनवर मिळणारं मोठं नाव हा सहावा पर्याय. झ्लाटान इब्राहिमोविच २०१६ मध्ये फुकट आला आणि पहिल्या मोसमात युनायटेडसाठी सर्व स्पर्धांत २८ गोल केले. रादामेल फाल्काओ त्याआधी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, मोनाकोतून लोनवर आला आणि २६ लीग सामन्यांत चार गोल करून गेला. इथे वय मी बघतच नाही, मेडिकल बघतो.

बातमीत दम किती?

ही तुलना तेव्हाच कामाची, जेव्हा नाव खरं असेल. जानेवारी २००९ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने पन्नास उगवत्या खेळाडूंची यादी छापली, त्यात तिसाव्या क्रमांकावर मसाल बुग्दुव नावाचा मोल्दोव्हाचा मुलगा होता, मोठमोठ्या क्लबांशी नाव जोडलेला. असा कोणी खेळाडू अस्तित्वातच नव्हता! नवा खेळाडू येतोय का म्हणून विमानांचे मार्ग ट्रॅक करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

त्यापेक्षा दोन गोष्टी तपासा. पहिली, करारात किती वर्षं उरलीत. बोस्मान निकालानंतर, म्हणजे डिसेंबर १९९५ पासून, करार संपलेला खेळाडू विनामूल्य जातो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी आधीच करार करू शकतो. एक वर्ष उरलं असेल तर विकणाऱ्याच्या गमजा निम्म्या होतात. चार उरली असतील आणि बातमीत ‘स्वस्तात’ लिहिलं असेल तर बातमी सोडून द्या. दुसरी, विकणारा क्लब शेअर बाजारात आहे का. बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग, डॉर्टमुंड, आयाक्स हे आहेत किंवा राहिलेले आहेत, आणि मोठा व्यवहार त्यांना गुंतवणूकदारांना अधिकृतपणे कळवावा लागतो. लिस्बनमधल्या व्यवहाराचा खरा आकडा पत्रकाराच्या आधी त्या निवेदनातच मिळतो, हप्ते आणि बोनस वेगळे करून. हप्ते कसेही असोत, खरेदीची रक्कम हिशोबात कराराच्या वर्षांवर, कमाल पाच वर्षांवर, वाटली जाते, आणि प्रीमियर लीगचे खर्चाचे नियम तोच वाटा बघतात. म्हणून ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ आणि ‘सात कोटींचा खेळाडू येतोय’ या दोन्ही बातम्या एकाच दिवशी खऱ्या असू शकतात.

मग कोणाच्या बाजूने ओरडायचं

क्लब पहिल्या चारांसाठी झगडतोय आणि नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, ताबडतोब हवाय, तर माझी पहिली पसंती जर्मनी, ठरलेला क्लॉज, आणि गर्दीत गोल करणारा. क्लॉज नसेल आणि डॉर्टमुंडसारखा क्लब विकणारा असेल तर माघार घ्यावी. त्या घासाघिशीत आजवर जिंकलेले थोडे.

खेळाडू चार कोटींच्या आत बसवायचा असेल तर फ्रान्स, जूनमध्ये, विकणाऱ्याचे हिशोब जुळायच्या आत, पेनल्टी वजा करून. दोन वर्षं थांबायची तयारी असेल आणि पुढे आधीच एक चांगला फॉरवर्ड असेल, तरच ब्वेनोस आयरेस किंवा साओ पाउलो; आणि करार झाल्यावर मोसम संपेपर्यंत त्याला तिथेच राहू द्यावं.

ऑगस्टच्या शेवटच्या तीन दिवसांत एखाद्या डच क्लबच्या विंगरचं नाव येईल, त्या क्लबने तोवर तीन खेळाडू विकलेले असतील आणि किंमत रोज एक कोटीने चढत असेल. तेव्हा मी तरी जो आहे त्यालाच जानेवारीपर्यंत खेळवा म्हणेन, आणि मग लिस्बनचं विमान पकडा.